काखेत सोटा, पुतळ्याला वळसा

आप्पांनी फोन लांब धरला, मग जवळ धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ह्यो कुस्ती मारून आलाय का पडून?"

फोटोत नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयातला हर्क्युलिस होता. ‘फार्नेसे हर्क्युलिस’ या नावानं कलेच्या पुस्तकांत ज्याचं चित्र हमखास असतं, तोच. मी त्याच्यासमोर दीड तास घालवून आले होते. परतीच्या विमानात त्याच्याबद्दल वाचत आले होते. आणि हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

आप्पा एके काळचे मातीतले पैलवान. आता एक्क्याऐंशी वर्षांचे, डावा गुडघा बदललेला, अंगात सँडो बनियन आणि हाताशी काठी. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे खांदे, कंबर, गुडघे पाहण्यात सव्वीस वर्षं गेली. लहानपणी आप्पांच्या तालमीत बायका-मुलींनी पाऊल टाकायची चाल नव्हती. मी डबा घेऊन उंबऱ्याबाहेर थांबायची. जोर-बैठका चालायच्या त्या आतल्या अंधारात. उंबऱ्यावरून मला दिसायचे ते मेहनत संपवून भिंतीला टेकलेले पैलवान. अंगावर माती, मान खाली, हात कुठं ठेवावेत हे न कळून लोंबकळत सोडलेले. नेपल्सला त्या दालनात शिरले आणि पहिल्यांदा वाटलं ते हे, की याला मी ओळखते.

नेपल्स रोमहून वेगवान गाडीनं सव्वा तासावर. संग्रहालय मंगळवारी बंद असतं हे मंगळवारी तिथं पोचल्यावर कळलं, त्यामुळे एक रात्र राहावं लागलं. ही चूक सर्वस्वी माझी, आणि तिचं मला आता दुःखही नाही, कारण बुधवारी सकाळी दार उघडताच शिरले तेव्हा दालनात जेमतेम चार माणसं होती.

पुतळा ३.१७ मीटर उंच. म्हणजे साडेदहा फुटांच्या आसपास, त्यात चौथरा वेगळा. मी उभी राहिले तर माझं डोकं त्याच्या गुडघ्यापाशी. माणूस नागडा, दाढीवाला, कुरळ्या केसांचा. अंगापिंडानं केवढा, पण डोकं शरीराच्या मानानं लहान. सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय पुढं टाकलेला. उजवा कुल्हा त्यामुळे वर चढलाय. डाव्या काखेत एक ओबडधोबड लाकडी सोटा, सोट्यावर सिंहाचं कातडं टाकलेलं, सोट्याचं टोक खडकावर. हा सगळा डोंगर त्या काखेतल्या सोट्यावर कलला आहे. मान खाली, नजर जमिनीवरही नाही, कुठंच नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कुबडी घेऊन चालणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी पहिल्या दिवशी बजावते, की भार तळव्यावर द्या, काखेवर देऊ नका. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तिथं दाबल्या जातात, त्यातली दंडाच्या मागून जाणारी रेडियल नस दबली तर मनगट उचलेनासं होतं, पंजा खाली पडतो. हर्क्युलिसनं नेमकं तेच केलंय. ग्रीकांचा सगळ्यात बलवान पुरुष काखेवर रेलून उभा आहे आणि त्याचा डावा पंजा खाली लोंबतो आहे. मी मनातल्या मनात निदान करून मोकळी झाले. मग समजलं की तो डावा पंजा मूळचा नाही, मूळचा तुटला होता म्हणून नंतरच्या काळात बसवलेला आहे. तेव्हा निदान मागं घेते. पण काखेबद्दलची तक्रार कायम आहे. कातड्याची घडी मध्ये आली म्हणून थोडं निभावलं असेल, एवढंच.

आणखी एक खोड काढायची तर पोटाची. इतका दमलेला माणूस पोटाचे स्नायू असे आवळून उभा राहत नाही. इथं प्रत्येक स्नायू वेगळा मोजता येतो, बरगड्यांखालचे तर वळकट्यांसारखे बाहेर आलेत. शरीरशास्त्राच्या हिशेबात हे जमत नाही. पण समोर उभं राहिलं की वाटतं, शिल्पकाराला ते ठाऊक असावं. चेहऱ्यावर विसावा आलाय, अंगाला तो अजून पोचलेला नाही. मोठी कुस्ती सुटल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं अशी असतात. आप्पांना विचारा.

हे सगळं दमणं कशापायी, ते सांगायला गोष्टीकडे जावं लागेल. ग्रीक नाव हेराक्लीस, रोमन लोकांनी त्याचं हर्क्युलिस केलं. झ्यूस देवाचा मुलगा, पण आई मानवी. त्यामुळे झ्यूसची बायको हेरा त्याच्यावर जन्मापासून डूख धरून. आणि नाव ठेवलं हेराक्लीस, म्हणजे ‘हेराची कीर्ती’. सावत्र आईच्या छळाची इतकी कडू थट्टा आपल्याकडच्या कहाण्यांतही सापडणार नाही. हेरानं त्याला वेड लावलं, त्या भरात त्यानं स्वतःच्या पोरांना मारलं. शुद्धीवर आल्यावर प्रायश्चित्त म्हणून युरिस्थिअस नावाच्या राजाची चाकरी पत्करली. तो सांगेल ती कामं करायची.

लोक बारा कामं म्हणतात. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रंथात मात्र हिशेब असा, की ठरली होती दहा. दहा झाल्यावर राजानं दोन बाद केली. नऊ तोंडांचा साप मारताना पुतण्यानं मदत केली म्हणून एक नामंजूर. तबेले साफ करण्याची मजुरी ठरवली म्हणून दुसरं नामंजूर. आणि वर दोन जादा कामं लावली. त्यातलं एक म्हणजे जगाच्या पश्चिम टोकावरच्या बागेतली सोन्याची सफरचंदं आणणं. तेव्हा या पुतळ्यातला माणूस ठरलेलं काम संपवून वर ओव्हरटाइमवर आहे.

वाटेत त्याला अँटिअस भेटला. हा पृथ्वीचा पोरगा, येणाऱ्या-जाणाऱ्याला कुस्तीला उभं करायचा. त्याला जमिनीवर पाडलं की मातीच्या स्पर्शानं त्याचं बळ वाढायचं. हर्क्युलिसनं शेवटी त्याला उचलून अधांतरी धरलं आणि आवळून मारलं. ही गोष्ट मी आप्पांना सांगितली तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकले. आपल्याकडं पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, आणि तिथं एक गडी असा की त्याला चितपट केला तर तुमचंच मरण. "मग वर उचलल्यावर पंच काय म्हनला?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढं अॅटलास. आभाळ खांद्यावर घेऊन उभा असलेला. सफरचंदं तोच आणून देऊ शकत होता, पण तेवढा वेळ आभाळ कुणी धरायचं? हर्क्युलिसनं धरलं. अॅटलास सफरचंदं घेऊन आला, पण खांदे मोकळे झालेत म्हटल्यावर आभाळ परत घ्यायला तयार होईना. तेव्हा हर्क्युलिस म्हणाला, बरं, मीच धरतो, फक्त डोक्यावर चुंबळ ठेवेपर्यंत जरा घे. त्यानं घेतलं आणि हर्क्युलिस सफरचंदं उचलून चालता झाला. ताकदीच्या देवाची ही सगळ्यात नामी कामगिरी चुंबळीच्या निमित्तावर निभावली, हे मला फार आवडतं. शिवाय आभाळ धरून आलेल्या माणसाचे खांदे असेच दिसणार.

हा पुतळा घडवणाऱ्याची सही सोट्याखालच्या खडकावर आहे. ग्रीक अक्षरांत तीन शब्द, अर्थ असा की ‘अथेन्सचा ग्लायकॉन हे करत होता’. ‘केलं’ असं नाही, ‘करत होता’. प्लिनी या रोमन लेखकानं आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की थोर ग्रीक कलावंत मुद्दाम असं अपूर्ण क्रियापद वापरत, म्हणजे काम अजून पुरं व्हायचं आहे, दोष दिसला तर सांभाळून घ्या. ग्लायकॉनच्या काळापर्यंत ती सही करायची रीतच होऊन गेली असेल. पण हा माणूस इतिहासाला या एका सहीपुरताच माहीत आहे, आणि त्या सहीतही तो काम संपलं असं म्हणत नाही.

तरी कल्पना ग्लायकॉनची नव्हती. मूळ पुतळा लिसिपस याचा, इ.स.पूर्व चौथ्या शतकातला, ब्राँझचा. लिसिपस म्हणजे अलेक्झांडरचा आवडता शिल्पकार. डोकं लहान आणि अंग लांब करायची चाल त्यानं पाडली असं प्लिनीच सांगतो. म्हणजे ते लहान डोकं ही चूक नाही, ती त्या घराण्याची खूण आहे. ग्लायकॉननं त्याची संगमरवरी आवृत्ती केली ती पाचशे वर्षांनी, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. मूळ ब्राँझ आज नाही. त्याच्यावरून घडवलेल्या लहानमोठ्या कितीतरी प्रती भूमध्य समुद्राभोवती सापडल्या, त्यात ही सर्वांत नावाजलेली.

नक्कल म्हटल्यावर आपण नाक मुरडतो. पण ब्राँझचं दुखणं असं की ते वितळवता येतं. लिसिपसचाच बसलेल्या हर्क्युलिसचा एक प्रचंड पुतळा टारेंटम शहरात होता. रोमन सेनापती फेबियसनं इ.स.पूर्व २०९ मध्ये ते शहर घेतलं आणि पुतळा रोमला आणला. पुढं तो कॉन्स्टँटिनोपलला गेला. १२०४ मध्ये धर्मयुद्धवाल्यांनी ते शहर लुटलं तेव्हा त्याची नाणी पाडली गेली. जी ब्राँझं वाचली ती बहुतेक समुद्राच्या तळाशी किंवा मातीखाली विसरली गेलेली. आमच्या कोल्हापुरातच पाहा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४०च्या दशकात रोमन बनावटीची ब्राँझची भांडी सापडली आणि त्यांच्यासोबत पोसायडन या समुद्रदेवाची छोटीशी मूर्ती. टाउन हॉल म्युझियममध्ये शाळेच्या सहलीत बाईंनी ती आम्हाला दाखवली होती. समुद्राचा देव घाटावर कसा चढला हे आम्ही कुणी विचारलं नाही. आमचं लक्ष शेजारच्या तलवारींकडे होतं.

रोमन कारागीर नक्कल करायचे कशी, याचा पुरावा नेपल्सजवळच बाया या गावी मिळाला. १९५४ मध्ये तिथं प्लास्टरचे शेकडो तुकडे निघाले. ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून काढलेल्या प्रतींचे ते. म्हणजे कारखान्यात प्लास्टरची प्रत असायची, तिच्यावर मापं घ्यायची आणि दगडात उतरवायची. यात एक अडचण. ब्राँझ आतून पोकळ असतं, दोन घोट्यांवर निवांत उभं राहतं. संगमरवर भरीव आणि जड, त्याचे घोटे तुटतात. म्हणून नकलेत पायाशी झाडाचं खोड, खांब, असलं काहीतरी चिकटवलेलं दिसतं, बऱ्याचदा अगदी लाज वाटावी असं. इथं मात्र खडक, सोटा आणि कातडं यांनी तो भार उचललाय आणि गोष्टीलाही ते हवंच होतं. दगडाला टेकू पाहिजे आणि माणसालाही.

पुतळा उभा होता रोममधल्या सम्राट काराकाल्लाच्या स्नानगृहात. स्नानगृह हा शब्द फार तोकडा पडतो. इ.स. २१२ ते २१६ च्या दरम्यान उभारलेला तो एक आख्खा परिसरच होता. गरम पाण्याचं दालन, कोमट पाण्याचं, गार पाण्याचं, पोहण्याचा तलाव, बागा, ग्रंथालय. पाचव्या शतकातल्या ऑलिंपिओडोरस या लेखकानं तिथं १,६०० आसनं असल्याची नोंद केली आहे. आणि दोन्ही बाजूंना दोन पॅलेस्ट्रा, म्हणजे उघड्या अंगणाच्या तालमी. अंगाला तेल चोपडायचं, कुस्ती किंवा चेंडू खेळायचा, मग धातूच्या वाकड्या पट्टीनं तेल, घाम आणि धूळ ओरपून काढायची आणि पाण्यात उतरायचं. सेनेका या तत्त्ववेत्त्यानं दीडशे वर्षं आधी अशाच एका स्नानगृहाच्या वर राहताना एका पत्रात कुरकुर केली होती. वजनं उचलणाऱ्यांचे हुंकार आणि खांद्यावर पडणाऱ्या मालिशवाल्याच्या हाताचा आवाज त्याला छळत होते. हात सपाट पडला की पोकळ, त्यावर आवाज बदलतो असं त्यानं बारकाईनं टिपलंय. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला तेच शिकवतात.

त्या गार पाण्याच्या दालनाच्या परिसरात हा उभा होता, आणि याच्या जोडीचा दुसरा एक हर्क्युलिसही. तो दुसरा आता नेपल्सजवळच कासेर्ताच्या राजवाड्यात आहे. काराकाल्लाला अलेक्झांडरचं वेड होतं, तेव्हा अलेक्झांडरच्या शिल्पकाराची प्रत त्याच्या इमारतीत यावी हे जुळून येतं. पण येणाऱ्याजाणाऱ्याला काय दिसत असेल? मेहनत करून, घामाघूम होऊन गार पाण्याकडे निघालेला रोमन माणूस वर बघायचा तर त्याच्यापेक्षा दुप्पट उंचीचा एक गडी त्याच्यासारखाच दमून उभा. राजवाड्यात किंवा देवळात हा पुतळा इतका बोलला नसता.

५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घालून शहरात येणारे पाण्याचे कालवे तोडले आणि ही स्नानगृहं कोरडी पडली. मग पुढची हजार वर्षं त्यांनी खाणीचं काम केलं. ज्याला दगड हवा त्यानं न्यावा. संगमरवर भाजला की उत्तम चुना होतो, त्यामुळे रोममध्ये पुतळ्यांसाठी सर्वांत भयंकर जागा म्हणजे चुन्याची भट्टी. किती देव त्या भट्ट्यांत गेले आणि भिंतींना लागले, त्याची गणती नाही. १५४६ मध्ये पोप तिसरा पॉल याच्या माणसांनी काराकाल्लाच्या स्नानगृहाच्या अवशेषांत खणलं. पोप मूळचा फार्नेसे घराण्यातला, त्यांचा वाडा रोममध्ये बांधला जात होता आणि तो सजवायला पुतळे हवे होते. तेव्हा हा निघाला. धड निघालं. डोकं वेगळं, रोमच्या ट्रास्टेव्हेरे भागातल्या एका विहिरीत मिळाल्याचं सांगतात. पाय नव्हते.

पायांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि माझा पेशाच तो असल्यानं मी ती जरा सविस्तर सांगणार.

पोपच्या पदरी गुल्येल्मो देल्ला पोर्ता नावाचा शिल्पकार होता. पुढं पोपची समाधीही त्यानंच केली. त्यानं हर्क्युलिसला नवे पाय करून दिले. धड तेराशे वर्षांपूर्वीचं, पाय कालचे. ते इतके बेमालूम बसले की रोम खूश. मग काही काळानं खरे पाय सापडले. आता काय करायचं? असं सांगतात, की फार्नेसे वाड्याचं बांधकाम त्या वेळी बघणाऱ्या मायकेलअँजेलोनं सल्ला दिला, राहू द्या नवेच, आजचे शिल्पकार जुन्यांच्या तोडीचे आहेत हे लोकांना दिसू दे. आणि नवेच राहिले. दोन-तीन वर्षं नव्हे, सव्वादोनशेहून अधिक वर्षं. खरे पाय तेवढा काळ बोर्गेझे या दुसऱ्या घराण्याच्या संग्रहात. युरोपातून जे जे चित्रकार रोमला येऊन वही घेऊन या पुतळ्यापुढं बसले, त्यांनी देल्ला पोर्ताच्या पोटऱ्या गिरवल्या आणि प्राचीन ग्रीक पोटऱ्या म्हणून घरी नेल्या.

मला यात कुणाला हसावं कळत नाही. माझ्याकडे रोज असे लोक येतात ज्यांचा एक सांधा आता कारखान्यातला आहे. आप्पांचा डावा गुडघा धातूचा आणि प्लास्टिकचा. तो बसवल्यावर पहिले सहा महिने ते ‘त्यो गुडघा’ म्हणायचे. आता ‘माझा गुडघा’ म्हणतात, आणि दुखतो तो उजवा, जन्माचा. देल्ला पोर्ताचे पाय सव्वादोनशे वर्षं त्या अंगाखाली उभे राहिले. ते नकली म्हणायचे तर किती वर्षांनी असली झाले असते?

पण शेवटी खरे पाय जिंकले. फार्नेसे घराण्याचा वारसा एलिझाबेत्ता फार्नेसेकडून तिच्या मुलाकडे, म्हणजे नेपल्सचा राजा झालेल्या चार्ल्सकडे आणि त्याच्याकडून त्याचा मुलगा फर्डिनंडकडे गेला. फर्डिनंडनं रोममधला सगळा संग्रह नेपल्सला हलवायचं ठरवलं. रोमवाल्यांना ते झोंबलं, पण मालकी त्याची. त्या निमित्तानं १७८७ मध्ये डागडुजी झाली, बोर्गेझेंकडचे मूळ पाय मिळाले आणि हर्क्युलिस कित्येक शतकांनी आपल्या पायांवर आला. जर्मन कवी गटे तेव्हा इटलीतच होता. त्यानं खऱ्या पायांवर उभा असलेला हर्क्युलिस पाहिला आणि आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं की नवे पाय आपल्याला इतकी वर्षं चांगले कसे वाटले, याचंच आता नवल वाटतं.

देल्ला पोर्ताचे पाय टाकून दिले नाहीत. ते संग्रहालयात त्याच दालनात ठेवलेत, नुसत्या पोटऱ्या आणि पावलं, वर कुणी नाही. मी त्यांच्यापाशी बराच वेळ उभी होते. सुरेख काम आहे. गटेला जो फरक ढळढळीत दिसला तो शोधायला मला चार वेळा इकडून तिकडे जावं लागलं. शेवटी जाणवलं ते एवढंच, की हे पाय तरुण माणसाचे आहेत. ते काही ओढून आलेले नाहीत.

मराठीत म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. या पुतळ्याचं उलटं आहे. काखेतलं सगळ्यांना दिसतं, वळसा घालायला लोक विसरतात. माझ्यादेखत एक गट आला, समोरून फोटो काढले, शेजारच्या ‘फार्नेसे बैला’कडे गेला. तोही काराकाल्लाच्याच स्नानगृहातला, भलाथोरला. मागं कुणी आलंच नाही. देवळातल्या सवयीनं मी आपली उजवी घालत निघाले आणि मागं गेल्यावर दिसलं. त्याचा उजवा हात कमरेमागं वळलाय आणि पंजात तीन सफरचंदं आहेत. सगळ्या दमण्याचं कारण त्या पंजात आहे आणि त्यानं ते पाठीमागं धरलंय. पहिल्या कामात मारलेल्या सिंहाचं कातडं पुढं, शेवटाकडचं काम मागं. मध्ये एवढं मोठं शरीर.

लिसिपसनं हे जाणून केलं असणार. समोरून दमलेला माणूस बघायचा, तो का दमलाय ते कळत नाही, मग चालत जाऊन उत्तर घ्यायचं. १५९१ मध्ये हेंड्रिक गोल्त्झियस हा डच चित्रकार रोमला आला होता. त्यानं या पुतळ्याचं कोरीव चित्र केलं ते थेट पाठीमागून, खालून वर बघत. समोरच्या बाजूला, पुतळ्याच्या पायांच्या पलीकडे, मान वर करून पाहणारे दोन इवलेसे चेहरे. त्या दोघांना चेहरा दिसतोय, आपल्याला सफरचंदं. दोन्ही एकदम कुणालाच नाही.

हा पवित्रा पुढं कुठं कुठं गेला, त्यात एक पत्ता आपल्या सगळ्यांच्या घरी येतो. युजेन सँडो हा प्रशियात जन्मलेला पैलवान. व्यायामानं घडवलेलं शरीर हीच बघण्याची वस्तू, हा खेळ त्यानं जगभर लोकप्रिय केला. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅरोनी यांच्या स्टुडिओत त्यानं ‘फार्नेसे हर्क्युलिस’ होऊन फोटो काढून घेतले, तसाच कलून, तसाच सोटा घेऊन. ते फोटो पोस्टकार्डांसारखे खपले. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात खेळ करायलाही आला होता. आपल्या बिनबाह्यांच्या बनियनला सँडो म्हणतात ते त्याच्याच नावावरून, असं सांगतात. सँडोचे हर्क्युलिसचे फोटो मी पाहिले. शरीर उत्तम, पण तो दमलेला नाही. तो कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवून आहे.

कोल्हापुरात असंही सांगतात की शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं प्राचीन क्रीडांगण पाहिलं आणि त्यावरून कुस्तीचं खासबाग मैदान बांधायचं मनात घेतलं. हा पुतळा त्यांनी पाहिला असता तर काय म्हणाले असते, असं मी आप्पांना विचारलं. आप्पांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मारून आलाय का पडून?

मी फोनमधला दुसरा फोटो उघडला, पाठीमागचा, आणि बोटांनी मोठा करून तो पंजा दाखवला.

"मारून आलाय," मी म्हटलं. "ही बघा. सोन्याची सफरचंदं."

"तीनच?"

"तीनच."

आप्पांनी जरा वेळ बघितलं. "मग आता ह्याच्या घरात हायत व्हय ती?"

नाहीत, मी सांगितलं. त्यानं नेऊन राजाला दिली. राजानं त्यालाच परत दिली. आणि ती त्या बागेबाहेर ठेवायची नसतात म्हणून अथेना देवीनं शेवटी जिथली तिथं नेऊन पोचवली.

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला, काठी काखेत धरली, मी ओरडायच्या आत ती पुन्हा तळव्याखाली घेतली आणि उठता उठता म्हणाले, "म्हंजे फिरती ढाल म्हन की."